नगरपालिका हयात असेपर्यंत

मंगळवार, ४ मार्च

कारण नसताना आज सकाळपासून एकच गोष्ट आठवतेय. शाळा सुटली आहे, ताई आणि मी चौकातल्या नळापाशी थांबलो आहोत, आणि ताई वाकून नळालाच तोंड लावून पाणी पितेय. कॉन्व्हेंटच्या मुलींनी रस्त्यावर पाणी पिऊ नये, अशी सिस्टरांची सक्त ताकीद होती. पिऊन झालं की ताई ओल्या हातानं माझंही तोंड पुसायची आणि म्हणायची, "आपण प्यायलो नाही बेबी. नगरपालिकेनं पाजलं." मला ते पटायचं. नगरपालिका म्हणजे कुणी जाडजूड, मायाळू बाई असावी, अशी माझी तेव्हापासूनची समजूत. पुढे तिच्याच वाचनालयात सगळी नोकरी काढली, तरी ती समजूत पुरती गेली नाही.

कारण नसताना म्हटलं खरं, पण कारण आहे. ती बाई वारल्याचं पत्र आज आलं.

म्हणजे शब्द तसे नाहीत. आमची नगरपालिका आणि नदीपलीकडची नगरपालिका मिळून एक तारखेपासून एकच महानगर झालंय, हे पेपरात वाचलं होतं. मला वाटलं, पाट्या बदलतील, शिक्के बदलतील, संपलं. पत्रात म्हटलंय की वाचनालयावरच्या ज्या दोन खोल्यांत ताई आणि मी राहतो, त्या आम्हाला 'नगरपालिका हयात असेपर्यंत' दिल्या होत्या. नगरपालिका आता हयात नाही. सबब खोल्या रिकाम्या कराव्यात.

मी निवृत्त झाले तेव्हाचा तो ठराव. 'बाई हयात असेपर्यंत' असं नको का लिहायला, असं मी हेडक्लार्कना तेव्हाच विचारलं होतं. ते हसले होते. "बाई, तुमच्या हयातीचा काय भरवसा? नगरपालिका कुठे मरतेय?" मला इतकं भरून आलं की स्वतः भरलेला रुमाल त्यांना भेट दिला. बिचारे स्वतःही गेले.

ताईला पत्र वाचून दाखवलं नाही. तिची नजर फार अधू झालीय. पण या खोल्या तिच्या हातांना पाठ आहेत: पलंगाची कड, टेबलाचा कोपरा, खिडकीचा गज. इथे तिला फक्त कमी दिसतं. दुसरीकडे नेली तर ती आंधळी होईल. जिना उतरणं तिनं केव्हाच सोडलंय, इतका तिचा इथे जीव रमलाय. तिची मुलगी, माझी भाची, येते तेव्हा दर वेळी म्हणते, आई, माझ्याकडे चल, तळमजला आहे, दारापुढे बसायला ओटा आहे. ताई माझ्याकडे तोंड करून गप्प बसते. मग मीच सांगते, तिला नाही जमायचं.

तिच्यासाठी मला हे लढावंच लागणार.

गुरुवार, ६ मार्च

महानगराच्या कचेरीत गेले. इमारत तीच, पाटी नवी, आणि पाटीच्या मागे जुन्या पाटीची फिकट सावली दिसते. आत चौकशीची खिडकी. खिडकीतल्या बाईंना सर्दी झाली होती.

माझा हयातीचा दाखला मी बरोबर नेला होता. आम्हा निवृत्तांना ती सवयच लागते, आपण जिवंत असल्याची लेखी खात्री देत राहायची. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत सरकवला.

"हा तुमचा आहे."

म्हटलं, हो, माझाच.

"तुम्ही जिवंत असून काय उपयोग? ठरावात नगरपालिका हयात पाहिजे. तिचा हयातीचा दाखला आणा."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी छापील अर्ज दिला. अर्जदाराने समक्ष हजर राहावे. डाव्या हाताचा अंगठा उमटवावा. चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो, चष्मा काढून. मी विचारलं, नगरपालिका समक्ष कशी हजर राहणार? त्यावर त्यांनी नाक पुसत, अगदी मनापासून सांगितलं की अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन तपासायची सोय आहे, तसा वेगळा अर्ज करा.

बाई वाईट नाहीत. नियमात जेवढं बसतं तेवढं सगळं करायला त्या तयार आहेत.

मंगळवार, ११ मार्च

फोटोग्राफरला घेऊन नगरभवनासमोर उभी राहिले. चेहरा म्हणजे दर्शनी बाजू, हे त्याला लगेच कळलं. चष्म्याशी मात्र तो अडला. वरचं घड्याळ हा चष्मा धरायचा का, आणि धरला तर ते झाकून फोटो काढायचा का, असं त्यानं विचारलं. घड्याळ तसंही बंद आहे, तेव्हा झाकलं काय आणि उघडं काय.

मग डॉक्टरांकडे. दाखल्यावर डॉक्टरची सही चालते, असं अर्जात आहे. समोरच्या दवाखान्यातले आमचे जुने डॉक्टर थट्टेखोर. म्हणाले, गटारं तुंबलीत म्हणजे पचन बिघडलंय, दिवे लुकलुकतात म्हणजे नाडी मंद आहे, वाढ मात्र नको तिथे भरपूर. पण मेली असं मी म्हणणार नाही. मी कागद पुढे केला तेव्हा थट्टा संपली. जिवंत आहे असं लिहून दिलं, तर उद्या उपचारही माझ्याच गळ्यात पडतील, म्हणाले.

ताईला हे सगळं सांगावं लागलं. कुठे कुठे फिरतेस, म्हणून तिनं हटकलंच. मला वाटलं, पत्राचं ऐकून ती हादरेल. तिनं पलंगाची कड चाचपली. मग विचारलं, "म्हणजे नाही मिळाला दाखला, तर जावं लागेल?" मी तिचा हात धरला आणि म्हटलं, मी आहे ना. तिनं हात सोडवून घेतला. घाबरली की ती लहानपणापासून अशीच करते.

बुधवार, १९ मार्च

आज कायदा अधिकाऱ्याला भेटले. भेटल्यावर ओळख पटली. हा विद्यार्थी असताना आमच्या वाचनालयात यायचा आणि मोठ्या पेपराखाली झोपायचा. मी त्याला कधी उठवलं नाही. माझ्याकडे 'शांतता राखा' अशी पाटी होती, 'जागे राहा' अशी नव्हती. आता टेबलावर त्याच्या नावाची पितळी पट्टी आहे. मला बघून उभा राहिला, बाई म्हणाला, चहा मागवला.

त्यानं मला कायदा समजावून सांगितला, तो असा. जुन्या नगरपालिकेची जी येणी लोकांकडे आहेत, त्यांच्यापुरती ती हयात आहे, कारण ती वसूल करायची आहेत. तिनं ज्यांना जे द्यायचं कबूल केलं होतं, त्यांच्यापुरती ती वारली आहे. मी म्हटलं, एकच बाई एकाच वेळी आहे आणि नाही, असं वाक्य सिस्टरांनी मला लिहू दिलं नसतं. तो म्हणाला, "बाई, सिस्टरांना महानगर चालवायचं नव्हतं."

निघताना दारापर्यंत आला आणि आवाज खाली करून म्हणाला, हयातीचा दाखला तुम्हाला कुणी देणार नाही. तुम्ही मृत्यूचा दाखला मागा. तो तर त्यांना मुळीच देता येणार नाही, नाहीतर येणी बुडतील. आणि देता येत नाही, हे त्यांनी लिहून दिलं की झालं.

झोपणारा मुलगा बराच जागा होता म्हणायचा.

शुक्रवार, २८ मार्च

जन्म-मृत्यूच्या खिडकीत त्याच बाई. पुनर्रचनेत खिडक्या वाढल्या, बाई वाढल्या नाहीत. त्या खुर्ची घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जातात. सर्दी बरी होती.

मयताचं नाव त्यांनी लिहून घेतलं. लिंग विचारल्यावर मी स्त्री म्हटलं. त्यांनी मान हलवली, त्यांचंही तेच मत पडलं. वडिलांचं नाव या रकान्यात बरीच चर्चा होऊन 'शासन' असं लिहिलं. मृत्यूचं कारण: पुनर्रचना. विवाहित की अविवाहित, इथे मात्र त्या पेन खाली ठेवून विचारात पडल्या.

"पलीकडच्या नगरपालिकेशी हिला एकत्र केलं, तर ते लग्नच झालं की. लग्नात बाई मरते कुठे? नाव बदलतं. माझंही बदललं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मेल्यासारखं वाटतं, पण तो रकाना नाही."

मागे रांगेत एक तरुण बाप नव्या बाळाची नोंद करायला उभा होता. तो जोरात हसला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, तसा थांबला.

घरी आले तर ताईनं आपले सगळे कपडे घड्या घालून एका पिशवीत भरून ठेवलेले. म्हटलं, हे काय? म्हणाली, कपाटाला ओल आलीय, हवा लागू देत होते. हवा लागायला पिशवीत कशाला, असं मनात आलं, पण बोलले नाही. वयानं असं होतं. मी कपडे परत कपाटात लावून दिले. कपाट कोरडं होतं.

बुधवार, ९ एप्रिल

जिंकले. उत्तर आलं. 'सदर नगरपालिका मृत असल्याचे आढळून येत नाही.' खाली सही, शिक्का. शिक्का जुन्याच नगरपालिकेचा, नवा अजून कोरून यायचाय.

मी जिना चढताना चार वेळा थांबून ते वाक्य वाचलं. इतकं सुंदर वाक्य कचेरीतून आलेलं मी नोकरीतही पाहिलं नाही. ताईला वाचून दाखवलं. म्हटलं, आता आपल्याला मरेपर्यंत इथून कुणी हलवत नाही.

"मरेपर्यंत," ताई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिचे डोळे भरले होते. मलाही आनंद आवरेना. तिला झोपू दिलं आणि मी एकटीनंच दोन कप चहा प्यायला.

गुरुवार, १७ एप्रिल

आयुक्त हुशार माणूस असावा. मी त्याला पाहिलेलं नाही, पण त्याचं परिपत्रक पाहिलं. जुनी नगरपालिका हयात असल्याचं आता लेखी मान्य झालं आहे, सबब तिच्या काळातल्या सर्व तक्रारी नागरिकांनी महानगराकडे न आणता तिच्याचकडे, ती जिथे हयात आहे त्या ज्ञात पत्त्यावर, द्याव्यात. ज्ञात पत्ता म्हणजे वाचनालयावरच्या दोन खोल्या. आणि पत्त्यावर कुणीतरी जबाबदार लागतं, म्हणून मला 'काळजीवाहू, विनावेतन' नेमलंय. येणी अर्थात कचेरीतच भरायची आहेत.

सकाळी शिपाई पोती घेऊन जिना चढला. जिन्याला शिव्या घातल्या, मला बघून त्या गिळल्या. पोत्यांत जुन्या तक्रारी होत्या. दुपारपर्यंत नव्या तक्रारी स्वतःच्या पायांनी चढून आल्या. खालच्या पायरीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत माणसं. एकाला आपल्या गल्लीचं नाव कुणी बदललं ते हवं होतं. एका म्हाताऱ्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की त्यानं रागवायचं आता कुणावर, जुन्यांवर की नव्यांवर. मी त्याला जुन्यांवर म्हटलं. निदान ओळखीचे आहेत. त्याला बरं वाटलं.

मी सगळं लिहून घेते, वाचून दाखवते, सही करते. दुसरं काहीच करू शकत नाही. आश्चर्य म्हणजे लोक समाधानानं जातात. पूर्वीही एवढंच व्हायचं, पण हाक मारून बसायला सांगत नव्हते, असं एकजण म्हणाला.

ताई दाराशी खुर्ची टाकून बसते आणि प्रत्येकाला विचारते, कुठे राहता, तळमजल्यावर का, दाराशी झाड आहे का, संध्याकाळी लोक जातात-येतात का. इतकी बोलकी मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नाही. म्हणजे या घरानंच तिला बरं केलं की.

शनिवार, २६ एप्रिल

लिहू की नको असं होतंय. लिहिते.

दुपारी रांग संपली. मी पेनाला टोपण घालत होते. ताई खुर्चीवरून उठली, भिंत चाचपत टेबलाशी आली आणि समोरच्या, लोकांच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "माझीही एक तक्रार आहे. लिहून घे."

मला वाटलं, गंमत करतेय. मीही गमतीनं कागद पुढे ओढला आणि विचारलं, कुणाविरुद्ध?

"नगरपालिकेविरुद्ध. तिनं एका बाईला वरच्या मजल्यावर ठेवलंय. जिना अंधारा आहे, कठडा हलतो. बाईला उतरायची भीती वाटते, म्हणून ती उतरत नाही. तिची बहीण सगळ्यांना सांगते की तिला इथेच आवडतं."

मी लिहीत होते. शब्द संपल्यावर हात आपोआप थांबला.

"बाईचं म्हणणं असं," ताई म्हणाली, "की तिला जमिनीवर राहायचंय. दारात बसायचंय. कुणी जाता-येता थांबलं तर बोलायचंय. दिसत नाही म्हणून काय झालं, ऐकू तर येतं. इथवर रस्त्याचा नुसता गलका येतो. माणूस येत नाही."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस इतके दिवस?

"तू इतकी लढत होतीस माझ्यासाठी. तुला थांबवायला जीव होईना." मग म्हणाली, "वाचून दाखव ना. सगळ्यांना दाखवतेस."

वाचून दाखवलं. तिनं बोटांनी कागदाची कड शोधली आणि खाली सही केली. सही ओळीच्या बाहेर गेली.

रविवार, २७ एप्रिल

ताईवर रागावले आहे. मग तिला काय पथ्य लागतं, कुठली कूस मानवते, रात्री तहान लागते तेव्हा तांब्या कुठल्या हाताला लागतो, हे भाचीला कोण सांगणार, असा विचार दिवसभर केला. मला एकदम वाटलं की मी ठरावातल्या हेडक्लार्कसारखी आहे. हयात एकीची, आणि लिहिली दुसरीच्या नावावर.

सोमवार, ५ मे

कायदा अधिकाऱ्याकडे गेले. म्हटलं, तुझ्या सांगण्यावरून मी हिला जिवंत ठेवलं, आता सोडवायचं कसं तेही सांग. नुसत्या खोल्या सोडल्या तर काय होईल? तो म्हणाला, ज्ञात पत्ता गेला की त्या जिन्यावरच्या लोकांच्या तक्रारी कुठेच उरणार नाहीत. येणी तेवढी राहतील.

ते मला नको होतं. त्या म्हाताऱ्याला मी रागवायला जागा दिली होती, ती अशी काढून घेता येत नाही.

तो खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून बसला. पेपर नव्हता, एवढंच. मग म्हणाला, "बाई, हयात आहे तर ती मृत्युपत्र करू शकते. काळजीवाहू म्हणून तुम्ही सही करायची, महानगरानं वारस म्हणून स्वीकारायचं. आणि वारसाला निवड नसते. येणी घेतली की देणी आली."

आयुक्त सही करेल का, असं मी विचारलं.

"पहिल्याच ओळीत 'खोल्या रिकाम्या करून देण्यात येत आहेत' असं घाला. पुढे ते वाचत नाहीत."

गुरुवार, ८ मे

आयुक्तांची सही काल झाली, मसुदा कोरा असतानाच. मजकूर तुम्ही नंतर भरा, असा निरोप आला. इतका विश्वास माझ्यावर नोकरीत कुणी टाकला नव्हता.

भाची खाली गाडी घेऊन थांबलीय. ताई पलंगावर तयार होऊन बसलीय, पायांत बूट. तिच्यासमोरच लिहितेय. मध्ये मध्ये तीही सांगते.

वाचनालयावरच्या दोन खोल्या रिकाम्या करून देण्यात येत आहेत. मी, नगरपालिका, आजपर्यंत हयात, शुद्धीत असताना लिहून ठेवते की माझ्यामागे कुणाला काय जावं ते असं:

माझी सगळी येणी महानगराला, माझ्या सगळ्या देण्यांसकट. एक उचलून दुसरं ठेवता येणार नाही.

ज्यांनी तक्रारी लिहून दिल्या, त्या प्रत्येकाला उत्तर. नाही म्हणायचं असलं तरी चालेल, पण त्याच्या नावानं आणि सहीनिशी.

नदीवरचा पूल दोन्ही काठांना. अर्धा अर्धा नव्हे, दोघांनाही सगळा.

नगरभवनाची गॅलरी, जिथून आजवर फक्त भाषणं झाली, ती ज्यांना नुसतं उभं राहून गाव बघायचंय त्यांना.

भटकी कुत्री ज्या त्या गल्लीला. त्यांनी आपापल्या हद्दी आधीच ठरवल्या आहेत, त्यांची पुनर्रचना करू नये.

खिडकीतल्या बाईंना एकच खिडकी, आणि आणखी एक माणूस हाताखाली.

वरच्या दोन खोल्या अशा कुणालाही, ज्याला जिना चढता येतो आणि मनात आलं की उतरताही येतो. कठडा आधी बसवून द्यावा.

माझ्या काळजीवाहू बाईंची थोरली बहीण, तिची तक्रार मान्य करून, तिच्या मुलीला, तळमजल्यावर, दाराशी.

एवढं वाचून दाखवलं आणि संपलं म्हटलं. ताई म्हणाली, संपलं कसं, एक राहिलं. तू कुणाला? मी म्हटलं, मी नगरपालिकेची मालमत्ता नाही, मी खोली शोधेन कुठेतरी. ती म्हणाली, तुझी शोधाशोध पाहिली मी दोन महिने. लिही खाली.

म्हणून तिनं सांगितलं तसं लिहिते. बेबी, ताईला.